किल्ली कुणाच्या कमरेला?

माझ्या आजेसासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. कोठीच्या खोलीची किल्ली, दुधाच्या कपाटाची, लोणच्या-पापडांच्या फडताळाची... त्या चालायला लागल्या की आवाज यायचा आणि आम्ही सुना सावध व्हायचो! घरात साखर किती उरली इथपासून पाहुण्यांना कुठल्या ताटात वाढायचं इथपर्यंत सगळं त्या जुडग्यावर चालायचं. तिजोरीची किल्ली मात्र त्यात कधीच नव्हती. ती आजेसासऱ्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात. ते गेले तेव्हा ती किल्ली शोधायला आम्हाला अख्खा दिवस लागला. आजेसासूबाई भिंतीला टेकून एवढंच म्हणाल्या, "मला कधी सांगितलंच नाही गं त्यांनी."

ते वाक्य मी विसरले होते. मागच्या वर्षी एका दुपारी ते एकदम आठवलं. कारण काय, तर वायफायचा पासवर्ड!

झालं असं, की माझी पुतणी वैरागहून आमच्याकडे बार्शीला आली. तिची पुण्यातल्या एका कंपनीत नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती, चार वाजता. तिच्या घरी मोबाइलला धड रेंज नाही, आमच्याकडे मात्र फायबरचं इंटरनेट. मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणलेला, केस नीट बांधलेले, इस्त्रीचा ड्रेस. अडीच वाजता चहा घेतला आणि ती म्हणाली, "काकू, वायफायचा पासवर्ड सांग ना."

मी आपली तिच्याकडे बघतच राहिले. पासवर्ड? तो मला कुठे माहीत! आमच्या चिरंजीवांनी दोन वर्षांपूर्वी कनेक्शन आलं तेव्हा तो टाकला. माझ्या मोबाइलमध्ये, ह्यांच्या मोबाइलमध्ये, टीव्हीत आणि मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये त्यानंच घालून दिला. तेव्हापासून सगळं आपोआप चालतंय. नळाला पाणी येतंय तोवर टाकी कुठे आहे हे कोण बघतं?

लेकाला फोन लावला. तो चाकणला कारखान्यात. शिफ्टला जाताना मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. म्हणजे रात्रीशिवाय बोलणं नाही. ह्यांना लावला. हे तुळजापूरला लग्नात. मागे बँडचा आवाज. "मला काय माहीत? त्यानं टाकलाय, त्याला विचार!" आणि फोन बंद.

मग सुरू झाला अंदाजांचा खेळ. लेकाची जन्मतारीख घालून बघितली. गाडीचा नंबर. आमच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव. गावाचं नाव आणि पिन कोड. प्रत्येक वेळी लॅपटॉप थोडा वेळ विचार केल्यासारखं करायचा आणि नाही म्हणायचा. घड्याळात तीन वाजून गेले. माझ्या मोबाइलवरून नेट द्यावं, तर आमच्या जुन्या घराच्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या, आत एक काडी रेंज येते न येते. अंगणात बसवावं, तर समोरच पिठाची गिरणी. "मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बस," म्हटलं, तर त्याला ना कॅमेरा, ना माइक. पोरीचा चेहरा उतरला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. घर माझं, बिल दर महिन्याला माझ्या शिकवणीच्या पैशातून जातं आणि किल्ली मला माहीत नाही!

पुतणी म्हणाली, "काकू, राउटरच्या मागे एक बारीक भोक असतं बघ. टाचणीनं दाबून धरलं की रीसेट होतं आणि जुनाच पासवर्ड चालू होतो." तिनं टाचणी हातात घेतलीसुद्धा. का कोण जाणे, मी म्हटलं, थांब, आधी नेटवाल्याला विचारू. बरं झालं विचारलं! तो फोनवर जवळजवळ ओरडलाच, "काकू, हात लावू नका! रीसेट केलंत तर आमचं सेटिंगही पुसलं जाईल आणि नेटच बंद पडेल. मग मला घरी यावं लागेल आणि मी आत्ता आहे पांगरीत." मग जरा मवाळ होऊन म्हणाला, "घरात कॉम्प्युटर वायफायवर चालतो ना? मग त्यालाच विचारा की. त्याच्या सेटिंगमध्ये असतो पासवर्ड." इतकं बोलून त्यानं फोन ठेवला.

त्यालाच विचारा! मैत्रिणींनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. साधी गोष्ट आहे. कॉम्प्युटर रोज चालू केला की आपला आपण वायफायला जोडला जातो. म्हणजे पासवर्ड त्याला पाठ असणारच. आपण विसरलो तरी तो विसरलेला नाही. विचारायचं कसं, एवढाच प्रश्न.

आता एक कबुली. मी २००४ साली एमएस-सीआयटीचा कोर्स केलाय. चांगले मार्क पडले होते. सर्टिफिकेट कपाटात, लग्नाच्या शालूखाली. तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता आणि घरात कॉम्प्युटर आला तोवर तो चालवणारा लेक मोठा झाला होता. मी माउसला हात लावला की "आई, तू राहू दे, काहीतरी बिघडवशील." मग मीही राहू दिलं. वीस वर्षं राहू दिलं!

त्या दुपारी मात्र खुर्ची ओढून बसले. कंट्रोल पॅनल उघडलं, हे मला कोर्समधलं आठवत होतं. त्यात 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर'. तिथे उजव्या बाजूला आमच्या वायफायचं नाव निळ्या अक्षरात दिसलं. त्यावर क्लिक केलं तर एक छोटी चौकट उघडली. त्यात 'वायरलेस प्रॉपर्टीज' नावाचं बटण. ते दाबलं. वर दोन कप्पे, त्यातला दुसरा 'सिक्युरिटी'चा. आणि तिथे, एका लांबट रकान्यात, काळे काळे ठिपके! खाली एक रिकामा चौकोन आणि शब्द 'शो कॅरेक्टर्स'. म्हणजे अक्षरं दाखव. मी त्या चौकोनात क्लिक केलं. कॉम्प्युटरनं परवानगी विचारली, मी 'येस' म्हटलं... आणि ठिपक्यांची अक्षरं झाली!

पासवर्ड काय होता ते इथे सांगणार नाही, इतकी मी आता शहाणी झालेय. एवढंच सांगते, की सात जन्म अंदाज केला असता तरी सापडला नसता. कुठल्याशा खेळातल्या वीराचं नाव, मध्ये आकडे, शेवटी एक चिन्ह. तीन चाळीस झाले होते. चार वाजता पुतणी मुलाखतीला बसली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन गॅससमोर नुसतीच उभी राहिले. हात थरथरत होते. आनंदानंच हो!

त्या कंपनीनं तिला घेतलं नाही, ते राहू दे. पण मुलाखत झाली. घरात किल्ली सापडली नाही म्हणून ती हुकली नाही. नाहीतर आयुष्यभर ते माझ्या मनाला लागून राहिलं असतं.

रात्री लेकाचा फोन आला. मी मोठ्या फुशारकीनं सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "अगं आई, एवढं कशाला केलंस? तुझ्या मोबाइलमध्येही दिसला असता की." घ्या! म्हणजे कळसा एका काखेत नव्हता, दोन्ही काखांत होता. हल्लीच्या बहुतेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये ही सोय आहे, २०१९ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून. सेटिंगमध्ये वायफायवर जायचं, आपल्या नेटवर्कच्या नावावर बोट ठेवायचं, 'शेअर' दाबायचं. मोबाइल आपलं बोट किंवा पिन विचारतो आणि मग चौकटीचौकटींचं क्यूआर चित्र दाखवतो. पाहुण्यांच्या मोबाइलनं ते टिपलं की झालं. बऱ्याच मोबाइलमध्ये चित्राखाली पासवर्ड अक्षरांतही लिहिलेला असतो. आयफोनवाल्या बायकांनाही २०२२ पासून तो सेटिंगमध्येच बघता येतो.

कॉम्प्युटर नवा, विंडोज ११ चा असेल तर वाट अजून जवळची. सेटिंगमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वायफाय', मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स'. आजवर जोडलेल्या वायफायची यादी येते. आपलं नाव निवडायचं आणि 'व्ह्यू वायफाय सिक्युरिटी की' दाबायचं. एक लक्षात ठेवा, हे बघायला कॉम्प्युटरचं मुख्य खातं लागतं, ज्याला अॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. पोरांसाठी वेगळं खातं काढून दिलं असेल तर त्यातून दिसणार नाही. आणि कॉम्प्युटर वायरीनंच राउटरला जोडलेला असेल, वायफायवर कधी चाललाच नसेल, तर बिचाऱ्याला पासवर्ड माहीत असण्याचं कारण नाही.

आणि कुठेच नाही सापडला तर? राउटर उलटा करा. खाली एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर मुंगीच्या अक्षरात वायफायचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. कुणी बदलला नसेल तर तोच चालतो. डोळ्यांना झेपत नसेल तर मोबाइलनं फोटो काढा आणि मोठा करून वाचा. त्या कागदावर कधी कधी दुसराही एक पासवर्ड असतो, तो खुद्द राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. एक वायफायचा, एक राउटरचा. एक अंगणाच्या फाटकाची किल्ली, दुसरी कोठीची. गल्लत करू नका. टाचणी मात्र सगळ्यात शेवटी आणि तीही नेटवाल्याला विचारूनच.

तर हे झालं कसं करायचं ते. पण मला आज खरं सांगायचंय ते वेगळंच.

त्या दिवसानंतर मी भिशीत हा किस्सा सांगितला. आम्ही चौदा जणी. सहज विचारलं, "तुमच्यापैकी किती जणींना घरच्या वायफायचा पासवर्ड माहितीय?" तीन हात वर झाले. त्यातली एक शिक्षिका, एक ब्युटी पार्लरवाली आणि एक जण चक्क सत्तरीची आजी, तिनं नातवाकडून लिहूनच घेतला होता! बाकीच्या अकरा जणींचं उत्तर एकच, "आमच्या ह्यांना माहीत आहे," नाहीतर "मुलगा बघतो."

मुलगा बघतो! किती सहज म्हणतो आपण. मीही म्हणायचे. पण मुलगा चाकणला गेल्यावर कोण बघणार? नवरा लग्नाला गेल्यावर? आणि देव न करो, कायमचाच गेला तर?

आमच्या गल्लीत एक काकू आहेत. काका २०२१ च्या कोरोनात गेले. त्यांच्या घरचं नेट चालू आहे, कॉम्प्युटर चालू आहे, मुलीचा जुना मोबाइल चालू आहे. पण मुलीनं नवा मोबाइल घेतला तर तो जोडता येईना. पासवर्ड काकांना माहीत होता. नेट कंपनीकडे नोंदलेला मोबाइल नंबर काकांचा, तो केव्हाच बंद पडलेला. तक्रार करायची तर ओटीपी त्याच नंबरवर जाणार! सहा महिने काकूंनी तो नवा मोबाइल डेटा पॅक मारून चालवला. आणि रोज संध्याकाळी त्यांच्या डोक्यावर राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते.

मी गेले एका दुपारी. कॉम्प्युटर उघडला. तेच सगळं केलं, कंट्रोल पॅनल, वायरलेस प्रॉपर्टीज, शो कॅरेक्टर्स. ठिपक्यांतून अक्षरं आली. काकांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर आणि पुढे मुलीचं लाडाचं नाव. काकू काही वेळ स्क्रीनकडे बघतच राहिल्या. मी म्हटलं, "बदलून सोपा करू का?" त्या म्हणाल्या, "राहू दे. आहे तोच असू दे." मग उठल्या, दळणाचा हिशेब लिहायची वही आणली आणि त्यात स्वतःच्या हातानं उतरवून घेतला.

आजेसासूबाईंचं वाक्य मला आठवलं ते तिथे पुन्हा. तिजोरीची किल्ली कोटाच्या खिशात ठेवण्यात आजेसासऱ्यांचा काही दुष्ट हेतू नव्हता. काकांचाही नव्हता. आमच्या लेकाचा तर नाहीच नाही. "तिला कशाला त्रास" एवढंच मनात असतं. पण ह्या मायेपोटी घरातली बाई स्वतःच्याच घरात पाहुणी होऊन बसते, त्याचं काय?

आणि सगळीकडे मायाच असते असंही नाही हं. भिशीतल्याच एकीनं नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं. तिच्या नात्यातल्या एका सुनेला घरचा पासवर्ड देतच नाहीत. "दिवसभर मोबाइलवर माहेरी बोलत बसेल." सून कुठूनतरी मिळवते, की सासरे बदलतात. त्यांना बदलायला येतो, बरं का! सत्तराव्या वर्षी शिकले. सुनेला माहेरापासून तोडायला शिकले, नातवाला अभ्यास दाखवायला नाही. दुसऱ्या एका घरात भावाला पासवर्ड माहीत, बहिणीला नाही. तिनं दहावीचा व्हिडिओ बघायचा तर भावाच्या पाया पडायचं. त्याचं क्रिकेट संपलं तर तो देणार!

काही जण म्हणतील, त्यात एवढं काय? वायफाय म्हणजे काय अन्नपाणी आहे? मी म्हणते, आता जवळजवळ तसंच झालंय. गॅसचं बुकिंग, लाइटबिल, मुलांच्या शाळेच्या सूचना, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेल्वेचं तिकीट, सगळं त्यातूनच. २०२४ साली 'लाडकी बहीण'चे अर्ज निघाले तेव्हा किती बायका उन्हापावसात सेतू केंद्राच्या रांगेत उभ्या होत्या, आठवतंय ना? त्यातल्या कितीतरी जणींच्या घरात मोबाइल होता, कुणाकुणाच्या घरात वायफायही होतं. पण ते 'त्यांचं' होतं.

सरकारनं २०१९ ते २०२१ मध्ये केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा प्रश्न विचारला होता. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये आयुष्यात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या देशभरात ३३.३ टक्के निघाल्या. पुरुष ५७.१ टक्के. आता आकडे पुढे गेले असतील. पण मधलं अंतर नुसत्या टॉवरनं भरून येत नाही. टॉवर गावात येतो, वायर घरात येते, राउटर भिंतीवर येतो. तिथून बाईच्या हातातल्या मोबाइलपर्यंत दहा पावलांचं अंतर असतं. ते दहा पावलांचं अंतर म्हणजे पासवर्ड!

केरळ हायकोर्टानं २०१९ च्या सप्टेंबरमध्ये एक निकाल दिला. कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल जमा करायचा नियम होता. एका विद्यार्थिनीनं ऐकलं नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढलं. ती कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, तिला परत घ्या. कोर्टाला कळलं, ते घरातल्या मोठ्यांना कळायला काय हरकत आहे?

म्हणून काय पासवर्ड गल्लीभर वाटत सुटायचं? मुळीच नाही! कुलूप हवंच. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले, तेव्हाचा अतिरेक्यांचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून पाठवला गेला होता. त्या घरातल्या माणसाचा काही संबंध नव्हता, पण पोलीस आधी त्याच्याच दारात आले. तेव्हा पासवर्ड हवा आणि तो चांगला हवा. निदान आठ अक्षरांचा लागतोच, पण बारा-पंधरा असली तर उत्तम. एक ते आठ आकडे किंवा स्वतःचा मोबाइल नंबर नको, तो शेजारचा पोरगाही ओळखेल. आणि कॉम्प्युटरमधून पासवर्ड काढायची ही युक्ती आपल्या घरापुरती. दुसऱ्याचं वायफाय त्याच्या नकळत वापरणं म्हणजे कुंपणावरून हात घालून पेरू तोडणं, त्यात शहाणपण नाही.

माझं म्हणणं इतकंच, की कुलूप असावं आणि किल्ली घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे असावी. बाईकडे तर असावीच.

त्यासाठी मी काय केलं ते सांगते, आवडलं तर बघा. एक साधी दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर वायफायचं नाव आणि पासवर्ड, मोठ्या अक्षरात. तो लिहिताना काळजी घ्यावी लागते. कॅपिटल आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं, म्हणून कॅपिटल अक्षरांखाली रेघ मारली. इंग्रजी 'ओ' आणि शून्य सारखेच दिसतात, 'एल', 'आय' आणि एक यांचंही तेच. तिथे वर मराठीत लिहून ठेवलं, 'हे शून्य आहे' म्हणून. खाली नेट कनेक्शनचा ग्राहक क्रमांक, नोंदलेला मोबाइल नंबर, पैसे भरायची तारीख आणि नेटवाल्याचा फोन. दुसऱ्या पानावर लाइटबिलाचा ग्राहक क्रमांक, तिसऱ्यावर गॅसचा. वही कपाटात, शालूखाली, सर्टिफिकेटच्या शेजारी. आता त्या सर्टिफिकेटला सोबत मिळाली!

एक मात्र कटाक्षानं पाळा. एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन, बँकेचा पासवर्ड ह्या वहीत लिहायचा नाही. वायफायचा पासवर्ड पाहुण्यांना दिला तर फार तर नेट हळू चालेल, बँकेचा दिला तर खातं रिकामं होईल. आणि "तुमचं वायफाय बंद पडणार आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. फसवणूक झालीच तर १९३० हा नंबर सरकारनं त्यासाठीच ठेवलाय. तोही वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

वही केली त्या दिवशी हे म्हणाले, "आता तू इंजिनिअर झालीस!" मी म्हटलं, "नाही हो, घरमालकीण झाले." ह्यांनी मान हलवली आणि हळूच विचारलं, "मला पण दाखव की, कुठे असतो तो पासवर्ड." तेव्हा कळलं, की ह्यांनाही येत नव्हतं! "त्यानं टाकलाय, त्याला विचार" म्हणताना जो रुबाब होता, तो नुसताच रुबाब होता. मी दोघांनाही चहा केला आणि ह्यांना शेजारी खुर्ची दिली. माउस मात्र माझ्या हातात ठेवला.

लेक दिवाळीत आला तेव्हा त्यानं पासवर्ड बदलला, जुना फार जणांना माहीत झाला म्हणून. बदलला की घरातलं प्रत्येक यंत्र पुन्हा जोडावं लागतं, दोन मोबाइल, टीव्ही, कॉम्प्युटर. त्यानं उठायला सुरुवात केली तशी मी म्हटलं, "बस तू. फराळ कर. मी करते." त्यानं चकलीचा तुकडा मोडता मोडता माझ्याकडे बघितलं. "बिघडवशील" हा शब्द त्याच्या तोंडातून आला नाही. मी चारही यंत्रं जोडली, टीव्हीला जरा वेळ लागला एवढंच. मग वही काढली, जुन्या पासवर्डवर काट मारली आणि नवा लिहिला, तारखेसह.

तर मैत्रिणींनो, ह्या रविवारी दुपारची भांडी आवरली की एक काम करा. घरात कॉम्प्युटर असेल तर त्याच्यासमोर बसा, नसेल तर मोबाइल हातात घ्या. ठिपक्यांमागची अक्षरं बघा. वहीत उतरवा. घरात सून असेल तर तिला शेजारी बसवून उतरवा, मुलगी असेल तर तिलाही. कुणी विचारलं, "तुला कशाला हवाय?" तर भांडू नका. एवढंच म्हणा, "घर माझंही आहे."

किल्ल्यांचा जुडगा आता कमरेला लटकवायची गरज उरलेली नाही. वहीच्या एका पानावर मावतो तो. फक्त ते पान आपल्या अक्षरातलं असावं. बघा, पटतंय का!